टी सेलला कॅन्सरची पेशी कळते कशी? (आप्पांना इम्युनोथेरपी सांगितलीय)

गिरणाकाठचा_मास्तर, भडगाव

राम राम मंडळी. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, त्यामुळे पेशी, डीएनए, प्रोटीन इथपर्यंत ठीक आहे, त्याच्या पुढचं जाणकारांकडून समजून घ्यायचंय म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

आमचे आप्पा म्हणजे माझे थोरले काका. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर, तरुणपणापासून तंबाखू-चुना. ऑपरेशन झालं, त्यातच मानेच्या गाठीही काढल्या, मग रेडिएशन झालं, मधे चांगलं चाललेलं, कपाशीत चक्कर मारायला जायला लागले होते, आणि आता त्याच बाजूला परत उठलंय आणि पुन्हा ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणतात. डॉक्टरांनी पीडी-एल१ नावाची टेस्ट करायला दिलीय आणि इम्युनोथेरपीचं इंजेक्शन कमी डोसमध्ये, सोबत काही गोळ्या, असं सुरू करू म्हणाले. ट्रीटमेंट बरोबर की चूक हे मी इथे विचारत नाहीये, डॉक्टरांवर आमचा भरवसा आहे.

मला अडलंय ते वेगळंच. डॉक्टर म्हणाले की शरीरातल्या टी सेलच कॅन्सरला मारतात. आता कॅन्सरची पेशी ही आप्पांचीच पेशी, बाहेरून आलेला जंतू नाही, मग टी सेलला ती वेगळी आहे हे कळतं कशावरून? माझा चुलतभाऊ रोज व्हिडिओ बघतो आणि सांगतो की टी सेलवर रिसेप्टर असतो आणि तो कॅन्सरला जाऊन चिकटतो. पण आप्पांच्या गाठीला चिकटणारा रिसेप्टर शरीरात आधीपासून तयार कसा असेल? आणि असेलच तर गाठ एवढी वाढेपर्यंत ती टी सेल करत काय होती? आणि डॉक्टर स्वतःच म्हणाले की काहींना खूप छान फायदा होतो, काहींना अजिबात नाही, औषध एकच, आजार एकच, मग असं का?

घरात सगळे मलाच विचारतात, काकू तर रोज रात्री जेवणं झाली की विचारते, आणि तिला मी उगाच काहीतरी गोड बोलून गप्प करणार नाही. समजेल असं कोणी सांगेल का?

---

बोरीकाठ, मूळ अमळनेर, सध्या पुणे

मास्तर, आप्पांना आराम पडो. मी जळगावच्या आपल्या विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं आणि आता टी सेलवरच काम करतो, म्हणून ओळखण्याचा भाग मी सांगतो, औषधाचं कोणी डॉक्टर असतील तर ते सांगतील.

एक गोष्ट आधी पक्की करा, बाकी सगळं त्यातून निघतं. टी सेलला गाठ दिसत नाही आणि पेशीच्या आत तिला डोकावताही येत नाही. तिला दिसतो फक्त प्रोटीनचा एक बारीकसा तुकडा, साधारण आठ ते दहा अमिनो ॲसिडचा, आणि तोही एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसलेला असेल तरच.

हा तुकडा येतो कुठून? आपली प्रत्येक पेशी आतली जुनी, बिघडलेली प्रोटीनं सारखी तोडत असते, ते तोडायचं यंत्र म्हणजे प्रोटिॲसोम. त्यातले काही तुकडे टॅप नावाच्या वाटेने पेशीच्या आतल्या जाळ्यात जातात, तिथे एचएलएच्या खाचेत बसतात आणि मग ती जोडी पेशीच्या पृष्ठभागावर येऊन उभी राहते. एका पेशीवर असे लाखभर एचएलए असू शकतात, प्रत्येकात एकेक तुकडा. अमळनेरच्या बाजार समितीत दादर (ज्वारी) विकायला नेली की व्यापारी पोतं ओतून बघत नाही, टोकदार नळी पोत्यात खुपसतो आणि तळहातावर मूठभर दाणे घेऊन आत काय आहे ते ठरवतो, इथेही तसंच, पेशीच्या आत काय चाललंय त्याचा नमुना एचएलए बाहेर धरतो आणि टी सेल तेवढाच बघून पुढे जाते. नमुन्यातले जवळजवळ सगळे तुकडे आपल्या नेहमीच्या प्रोटीनचेच असतात, त्यामुळे बहुतेक वेळा ती नुसती सरकत जाते.

आता रिसेप्टर, म्हणजे टीसीआर. त्याच्या दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. टोकाला प्रत्येकीची तीन वळणं असतात, त्यातली पहिली दोन बहुतेक करून एचएलएच्या कडांना टेकतात आणि तिसरं, सीडीआर३, मधोमध तुकड्यावर टेकतं. म्हणजे टीसीआर तुकडा आणि एचएलए दोन्ही मिळून वाचतो, नुसता तुकडा त्याला कळत नाही आणि तोच तुकडा दुसऱ्या प्रकारच्या एचएलएवर असेल तरी कळत नाही. हे १९७४ मध्ये डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी उंदरांत व्हायरसवर काम करताना दाखवलं आणि १९९६ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. मला विचाराल तर पुढच्या सगळ्या इम्युनोथेरपीचा पाया हा आहे.

तुमचा दुसरा प्रश्न, रिसेप्टर आधीपासून कसा असेल. तर शरीर कॅन्सर बघून रिसेप्टर बनवतच नाही. टी सेल तयार होताना तिच्या रिसेप्टरचे जीन तुकड्यातुकड्यांतून जोडले जातात, जोडावर काही अक्षरं आपोआप वाढतात किंवा गळतात, आणि त्यामुळे प्रत्येक नव्या टी सेलला वेगळाच रिसेप्टर मिळतो. असे कोट्यवधी वेगवेगळे रिसेप्टर माणसाच्या अंगात आयुष्यभर फिरत असतात आणि त्यातले बहुतेक कधी कामालाच येत नाहीत. आंधळेपणाने बनवलेले असल्यामुळे त्यात स्वतःच्याच शरीराला ओळखणारेही निघतात, म्हणून छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी आहे तिथे सगळ्यांची परीक्षा होते. जी आपल्या एचएलएला थोडीही टेकू शकत नाही ती मरते, जी आपल्याच तुकड्याला फार घट्ट धरते तीही मरते. शंभरातल्या जेमतेम दोन-चार तिथून बाहेर पडतात.

आता इथेच खरी अडचण कळेल. कॅन्सरची पेशी आपलीच, तिचे बहुतेक तुकडे आपलेच, आणि त्यांना जोरात ओळखणाऱ्या टी सेल तर लहानपणीच काढून टाकलेल्या. मग ओळखायला उरतं काय? मुख्य म्हणजे म्युटेशनमुळे बदललेले तुकडे, त्यांना निओअँटिजेन म्हणतात, हे थायमसमध्ये कधी दाखवलेच गेले नव्हते. दुसरं व्हायरसचे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही व्हायरसच्या ई६ आणि ई७ या प्रोटीनचे. तिसरं मेज-ए४ सारखी प्रोटीनं, जी निरोगी माणसात वृषण वगैरे अगदी मोजक्या ठिकाणी असतात आणि कॅन्सरमध्ये भलतीकडेच चालू होतात. चौथं म्हणजे नेहमीचंच प्रोटीन पण खूप जास्त बनलेलं, त्यात चूक व्हायची शक्यता सगळ्यात मोठी.

निओअँटिजेनचं जरा बारकाईने सांगतो कारण तंबाखूने झालेल्या कॅन्सरमध्ये म्युटेशन बरीच असतात. समजा नऊ अमिनो ॲसिडचा तुकडा आहे. साधारणपणे दुसरं आणि नववं अमिनो ॲसिड खाली खाचेत रुतलेलं असतं, त्यांच्यावर तुकडा बसणार की नाही ते ठरतं. मधली चौथी ते सातवी वर उचललेली असतात, ती टीसीआरच्या समोर येतात. म्युटेशन मधे झालं तर तुकडा आधीसारखाच बसतो पण त्याचा चेहरा बदलतो. म्युटेशन रुतणाऱ्या जागी झालं तर जो तुकडा आधी एचएलएवर बसतच नव्हता तो आता बसायला लागतो. आणि हजार म्युटेशन असली तरी त्यातली बहुतेक या दोन्हींत बसत नाहीत, तुकडा नीट तुटत नाही, त्या माणसाच्या एचएलएवर बसत नाही, किंवा बसूनही त्याला ओळखणारी टी सेलच नसते. म्हणून म्युटेशन जास्त म्हणजे फायदा नक्की असं कोणी सांगत असेल तर ते पूर्ण खरं नाही, शक्यता वाढते एवढंच.

अजून एक. टी सेल थेट गाठीवर जाऊन कामाला लागत नाही. आधी डेंड्रिटिक पेशी गाठीतले तुकडे उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) नेतात आणि तिथे टी सेलला दाखवतात, सोबत टी सेलवरच्या सीडी२८ नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरमधून दुसरा सिग्नल देतात. हा दुसरा सिग्नल मिळाला नाही तर टी सेलने तुकडा बरोबर ओळखला तरी ती सुस्त पडते. म्हणजे ओळखणं आणि कामाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

---

केळीपट्टा, रावेर

लई भारी लिहिलं भाऊ, दोनदा वाचलं. एक विचारतो, मधे बातम्यांत आलं होतं की आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून पेशींची थेरपी काढली, राष्ट्रपतींच्या हस्ते झालं होतं, ती आप्पांना चालणार नाही का? आमच्याकडे पण एका नातेवाइकाला तोंडाचाच आहे आणि त्याच्या पोरांनी त्या थेरपीसाठी शेत विकायचं काढलंय, म्हणून विचारतोय, खरंच घाई आहे.

---

बोरीकाठ, मूळ अमळनेर, सध्या पुणे

दादा, शेत विकायच्या आधी त्यांना थांबवा, आजच फोन करा. ती नेक्सकार१९, भारतात तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मूंच्या हस्ते कार्यक्रम झाला. ती रक्ताच्या ठरावीक कॅन्सरसाठी आहे, बी सेलचा ल्युकेमिया आणि लिम्फोमा. तोंडाच्या कॅन्सरसाठी ती नाहीच.

कारण असं की ही कार-टी जातीची थेरपी आहे, त्यात टी सेलला टीसीआर सोडून वेगळा, बनवलेला रिसेप्टर लावतात, त्यालाच कार म्हणतात, त्याचं टोक अँटिबॉडीचं असतं. तो एचएलए बघत नाही, पेशीच्या बाहेर अख्खं उभं असलेलं प्रोटीन बघतो, इथे ते सीडी१९. बी सेलवर सीडी१९ असतं, चांगल्या बी सेलही त्यात मरतात पण माणूस त्यावाचून निभावतो. तोंडाच्या गाठीवर बाहेर जे दिसतं ते चांगल्या त्वचेवर, घशावर, आतड्यावर पण असतं, त्याला मारून चालत नाही. आणि केरास, पी५३ अशी जी प्रोटीनं कॅन्सरमध्ये खरी बिघडतात ती पेशीच्या आत असतात, कार तिथे पोचतच नाही. आतलं बाहेर दाखवतो तो एचएलए आणि ते वाचतो तो टीसीआर, म्हणून गाठींच्या कॅन्सरमध्ये टीसीआरवर एवढं काम चाललंय.

---

पांझरा_डॉक, धुळे

मी कॅन्सर विभागात काम करतो. बोरीकाठ यांनी ओळखण्याचं छान सांगितलं, मी "टी सेल करत काय होती" इथून पुढे घेतो. एवढंच की इथलं वाचून कोणी स्वतःचं औषध ठरवू नका.

मास्तर, बऱ्याच पेशंटमध्ये टी सेलने गाठ आधीच ओळखलेली असते. बायोप्सीच्या स्लाइडवर गाठीत शिरलेल्या टी सेल दिसतात. ओळखल्यावर टी सेल इंटरफेरॉन गॅमा नावाचं निरोप देणारं प्रोटीन सोडते, आणि त्याला उत्तर म्हणून कॅन्सरच्या पेशी स्वतःवर पीडी-एल१ चढवतात. टी सेलवर पीडी-१ असतो, त्याला पीडी-एल१ लागला की टीसीआरमधून आत जाणारा सिग्नल दाबला जातो, म्हणजे समोर तुकडा बरोबर आहे, रिसेप्टर बरोबर आहे, आणि तरी टी सेल थंड. महिनोन् महिने हे चाललं की ती थकते, मग तिचा जोर आपोआप परत येत नाही. आप्पांना जे इंजेक्शन देणार आहेत ते बहुधा निवोलुमॅब, ते पीडी-१ वर बसून हा दाबणारा सिग्नल अडवतं. कॅन्सरला ते स्वतः मारत नाही आणि टी सेलला नवीन काही शिकवतही नाही. पीडी-१ शोधणारे तासुकू होंजो आणि सीटीएलए-४ या टी सेलवरच्या तशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते याच विचारासाठी.

म्हणून कोणाला फायदा, कोणाला नाही याचं उत्तर असं, की ज्याच्या अंगात गाठ ओळखणाऱ्या टी सेल आधीपासून आहेत त्यालाच हे औषध मोकळं करू शकतं. ओळखणारीच नसेल तर मोकळं कोणाला करणार. पीडी-एल१ ची टेस्ट म्हणजे या गोष्टीचा अंदाज, त्यात सीपीएस म्हणून एक आकडा येतो. जास्त आला तर शक्यता चांगली, पण शून्य येऊनही फायदा झालेले आणि जास्त येऊनही न झालेले दोन्ही पेशंट असतात, त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यावर घरात लगेच रडारड किंवा पेढे दोन्ही नको.

कमी डोसबद्दल कोणी काकूला "स्वस्तातलं देताहेत" असं सांगितलं तर मनावर घेऊ नका. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन बघितलं, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते, इंजेक्शन जोडल्यावर ४३.४ टक्के. हा अभ्यास जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीमध्ये आलाय. हे पेशंट तुमच्या आप्पांसारखेच होते, परत उठलेला किंवा पसरलेला आजार. आकडे सरळ वाचा, फायदा मोठा आहे आणि तरीही अर्ध्याहून जास्त माणसं वर्ष पूर्ण करू शकली नाहीत. काकूला सांगताना दोन्ही सांगा.

आता महत्त्वाचं. टी सेल मोकळ्या झाल्या की त्या फक्त गाठीवरच जातील असं नाही. जुलाब, जिना चढताना नवीन दम लागणं, अंगावर पुरळ, डोळे पिवळे, खूप थकवा आणि थंडी वाजणं, यातलं काहीही झालं तर गावातल्या गोळीवर काढू नका, इम्युनोथेरपी चालू आहे हे सांगून डॉक्टरांना लगेच फोन. वेळेत स्टेरॉइड दिलं तर बहुतेक वेळा आवरतं. थायरॉइडची तपासणी चुकवू नका, मानेला रेडिएशन झालेल्या माणसात तर नाहीच. आणि आप्पा कुठलं चूर्ण, काढा, गुडघ्याची गोळी घेत असतील तर ते आधीच सांगून टाका, काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं आणि ते टी सेलना दाबतं.

---

गिरणाकाठचा_मास्तर, भडगाव

तुम्हा दोघांचे आभार कसे मानू. काकूला सगळं वाचून दाखवलं, १६ आणि ४३ चे आकडेही सांगितले, ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की म्हणजे अंगातच आहे, फक्त अडवलेलं आहे. मी हो म्हटलं.

आता अजून तीन गोष्टी. एक, आप्पांच्या मानेच्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, तर काढल्या, बोरीकाठ म्हणतात टी सेलला तुकडा तिथेच दाखवतात, मग आता कुठे दाखवणार? दोन, माझे वडील त्यांचे सख्खे भाऊ, ते म्हणतात माझ्या टी सेल काढून द्या, हे जमतं का? तीन, आप्पांच्या गाठीचा तुकडा नेमका शोधून त्याचा टीसीआर बनवून द्यायचा असं जगात कुठे करतात का?

---

बोरीकाठ, मूळ अमळनेर, सध्या पुणे

मानेत दोन्ही बाजूंना मिळून शेकड्यांनी लसिकाग्रंथी असतात, ऑपरेशनमध्ये ठरावीक भागातल्याच काढतात, आणि आधी शिकून तयार झालेल्या टी सेल रक्तात आणि गाठीत असतातच, त्यामुळे दार बंद झालं असं समजू नका. पण तुमचा प्रश्न फार बरोबर जागी लागलाय. गाठ आणि ग्रंथी दोन्ही जागेवर असतानाच औषध दिलं तर टी सेलना शिकायला जास्त वाव मिळेल, हा विचार करूनच डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनच्या आधी पेम्ब्रोलिझुमॅब (निवोलुमॅबसारखंच पीडी-१ अडवणारं औषध) देऊन बघितलं गेलं आणि अमेरिकेत जून २०२५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आप्पांसाठी ती वेळ गेली, पण रावेरच्या दादांच्या नातेवाइकाचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर त्यांनी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं.

तुमच्या वडिलांचं मन मोठं आहे पण तसं करता येत नाही. सख्ख्या भावांत एचएलए पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. न जुळणाऱ्या टी सेल दिल्या तर एकतर आप्पांचं शरीर त्यांना मारून टाकेल, नाहीतर त्याच आप्पांच्या त्वचेवर, आतड्यावर, लिव्हरवर उठतील. आणि जुळल्या तरी वडिलांच्या अंगात आप्पांच्या गाठीचा तुकडा ओळखणारी टी सेल आयती असेल असं नाही.

तिसऱ्यावर मी रात्रभर लिहू शकतो. हो, करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाकडे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची एक पेशंट होती, फुप्फुसात सात गाठी. तिच्याच गाठीतल्या टी सेल काढून वाढवल्या, त्या केरासचं जी१२डी म्युटेशन ओळखत होत्या, म्हणजे बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी अस्पार्टिक ॲसिड. तुकडा बसत होता एचएलए-सी*०८:०२ या एचएलएच्या एका प्रकारावर, आणि मजा बघा, तो बदललेला अस्पार्टिक ॲसिडच खाचेत रुतत होता, मूळ ग्लायसिनवाला तुकडा तिथे नीट बसतच नाही, म्हणून चांगल्या पेशी वाचत होत्या. टी सेल परत दिल्यावर सातही गाठी आकसल्या. नऊ महिन्यांनी एक परत वाढली, ती काढून तपासली तर त्या गाठीने ज्या गुणसूत्राच्या भागावर तो एचएलए होता तो भागच टाकून दिलेला. म्युटेशन तसंच होतं, दाखवणारा गेला, टी सेल आंधळी झाली. हे २०१६ मध्ये छापून आलं आणि मला वाटतं टीसीआर म्हणजे काय हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या एका गाठीने जास्त नीट दाखवलं. पुढे त्याच पेशंटचे टीसीआर स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या एका पेशंटच्या टी सेलमध्ये घातले, तिचाही एचएलए तोच होता, सहा महिन्यांत पसरलेल्या गाठी ७२ टक्के आकसल्या, हे २०२२ मध्ये आलं.

मंजूर औषधंही आहेत. डोळ्यातल्या मेलानोमा नावाच्या कॅन्सरसाठी टेबेन्टाफस्प, हे टीसीआरचंच टोक वापरून बनवलेलं इंजेक्शन, जानेवारी २०२२. सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कॅन्सरसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये अफामि-सेल, मेज-ए४ ओळखणारा टीसीआर घातलेल्या पेशंटच्याच टी सेल. पण पहिलं फक्त एचएलए-ए*०२:०१ असलेल्यांना चालतं, दुसरं ए*०२ च्या मोजक्या उपप्रकारांना, कारण टीसीआर तेवढंच वाचतो. ०२:०१ युरोपातल्या लोकांत भरपूर आहे. आपल्याकडे ए*०२ आहे पण त्यात ०२:११ वाले बरेच, शिवाय ए*११:०१, ए*२४:०२, ए*३३:०३. म्हणजे तिकडचा तयार टीसीआर इथे आणून उपयोग नाही, आपल्या लोकांचे एचएलए आणि आपल्या तंबाखूच्या कॅन्सरमधले तुकडे धरून इथेच शोधावे लागतील. हे व्हायलाच पाहिजे, अंगातल्या ताकदीने व्हायला पाहिजे, म्हणून मी यात आहे.

आणि घाई का करता येत नाही तेही सांगतो. टीसीआर मुळात फार हलका टेकतो, त्यामुळे तो घट्ट केला तर जास्त मारेल असं वाटतं. मेज-ए३ साठी असा घट्ट केलेला टीसीआर दोन पेशंटना दिला आणि दोघंही काही दिवसांत हृदय बंद पडून गेले, २०१३ मध्ये हे छापून आलं. हृदयाच्या स्नायूत टायटिन नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या नऊपैकी पाच अमिनो ॲसिड मेज-ए३ च्या तुकड्याशी जागच्या जागी जुळत होती, एचएलए तोच, ए*०१. हृदयात मेज-ए३ अजिबात नव्हतं. आधीच्या नेहमीच्या तपासण्यांत हे दिसलं नाही, प्रयोगशाळेत धडधडणाऱ्या हृदयपेशी वाढवून त्यांच्यावर टी सेल सोडल्या तेव्हा दिसलं. एक टीसीआर एकच तुकडा ओळखतो असं नसतं, जवळपासचे कितीतरी ओळखू शकतो. थायमसमधून पास होऊन आलेल्या टीसीआरची परीक्षा झालेली असते, आपण हाताने घट्ट केलेल्याची झालेली नसते.

---

गोमाईकाठ, शहादा

राम राम भाऊ. गह्यरं चांगलं सांगं तुम्ही सगळास्नी. माझ्या सासऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी हीच जातीची इंजेक्शनं चालू आहेत, एक सांगायचं होतं. त्यांना जुलाब लागले तेव्हा घरात लग्न होतं, सगळे म्हणत होते की शेवभाजी आणि तिखट सोसलं नाही, नणंदेने हट्टाने फोन लावला म्हणून बरं, लगेच बोलावून घेतलं आणि स्टेरॉइड सुरू केलं, इंजेक्शन मधे थांबवावं लागलं पण आता परत चालू आहे. आम्ही फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की पेशंट इम्युनोथेरपीवर आहे, रात्री कुठे न्यावं लागलं तर समोरच्याला पहिलं तेच दिसलं पाहिजे. मास्तर तुम्ही पण लिहून ठेवा.

डॉक्टरसाहेब, एक विचारू का, आमच्या वॉर्डात एक बाई सांगत होत्या की पहिल्या स्कॅनला गाठ मोठी दिसली तरी घाबरायचं नसतं, टी सेल आत शिरल्यामुळे फुगते म्हणे. हे खरं आहे का?

---

पांझरा_डॉक, धुळे

ताई, असं होतं पण क्वचित, आणि डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये तर फारच कमी. गाठ मोठी दिसली तर बहुतेक वेळा ती खरोखर वाढलेलीच असते, त्यामुळे या आशेवर दुसरा उपचार लांबवू नये. आम्ही बघतो ते पेशंटकडे. वजन टिकून आहे, दुखणं कमी झालंय, तोंड आधीपेक्षा उघडतंय, गिळता येतंय आणि फक्त फोटोत गाठ मोठी आहे, तर औषध चालू ठेवून चार ते आठ आठवड्यांनी परत स्कॅन करतो. दुखणं वाढतंय, खाणं कमी होतंय आणि गाठही मोठी, तर थांबत नाही, औषध बदलतो.

मास्तर, आप्पांचं इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी वजन, तोंड किती बोटं उघडतं आणि दिवसाला दुखण्याच्या किती गोळ्या लागतात हे वहीत लिहून ठेवा, आणि दर वेळी येताना ती वही आणा. स्कॅनसोबत आम्हाला तेच लागतं. पीडी-एल१ चा रिपोर्ट आला की सीपीएसचा आकडा इथे टाका, त्याचा अर्थ नीट समजावून सांगतो.